शेलबियाचा चमचा

मूलिदच्या आदल्या दिवशी सकाळी झगवान गावाच्या वरच्या आळीत एकच बातमी होती: तिजानी आज अस्सीदा करणार. पैगंबरांच्या जन्मदिवसाला घरोघर अस्सीदा होतेच, त्यात बातमी ती कसली? पण करणारा तिजानी म्हटल्यावर बायकांनी हातातली कामं टाकली. या माणसाने जन्मात एकदाच अंडं उकडायला ठेवलं होतं, आणि ते तसंच गॅसवर विसरून तो कॉफी प्यायला निघून गेला होता. त्या पातेल्याचं काळं बूड आळी अजून विसरली नव्हती.

तिजानी हौसेखातर या फंदात पडला नव्हता. त्याच्या घरात लोकांचे वाडगे अडकले होते.

त्याची बायको शेलबिया मागल्याच्या मागल्या उन्हाळ्यात गेली. माणूस गेलेल्या घरात वर्षभर गोड शिजत नाही, शेजारी आणून देतात. गेल्या मूलिदला प्रत्येक घरातून एकेक वाडगा आला. खाली झगूगूच्या, म्हणजे पाइनच्या काळ्या बियांची खिरीसारखी दाट अस्सीदा, वर पांढरं क्रीम, त्यावर पिस्ते-बदामांची नक्षी. एकट्या माणसाने ते कसंबसं संपवलं, वाडगे घासूनपुसून कपाटावर रचले, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. रिकामा वाडगा परत करायचा नसतो. बाजारातून काही आणून भरून द्यावं, तर शेलबिया थडग्यातून उठून आली असती. तेव्हा वाडगे वर्षभर कपाटावरच राहिले आणि आळी आपल्या चांगल्या भांड्यांना मुकली.

समोरच्या घरातली मन्नूबिया तर येता-जाता विचारायची. वयाने त्याच्याहून मोठी, म्हणून तो तिला मानाने लल्ला म्हणायचा; जिभेने त्याहून मोठी. "तिजानी, माझ्या निळ्या वाडग्याला जन्मठेप झाली का रे? निदान भेटीची वेळ तरी सांग!"

"सुटेल, लल्ला मन्नूबिया, सुटेल. या मूलिदला सुटेल."

"कुणाच्या हातची भरून देणार? सुनेला सांगू माझ्या?"

"नको. शेलबियाचीच देणार."

शेलबियाची अस्सीदा म्हणजे काय, हे आळीला सांगायची गरज नव्हती. वाडगा दारात आला की आतल्या खोलीतला माणूस उठून बसायचा. त्यात ती स्वतः काढलेलं निसरीच्या फुलांचं पाणी घालायची. निसरी म्हणजे इथला रानगुलाब. वसंतात डोंगराखालच्या बागांतून ती पहाटे फुलं आणायची आणि तांब्याच्या भट्टीवर थेंब थेंब पाणी उतरवत बसायची. तिने उतरवलेल्या शेवटच्या पाण्याची एक बाटली घरात उरली होती, तीही पुरती भरलेली नव्हती. तिजानीने तिला हात लावला नव्हता. कधीमधी बूच काढून वास घ्यायचा आणि पटकन लावून टाकायचा, इतकंच.

वाडगे जायचे तर तिच्या चवीने जायचे. दुसऱ्या कसल्याही चवीने गेले, तर ती खरोखरच गेली असं त्याला वाटणार होतं. हे तो कुणाला बोलला नव्हता, पण रात्रंदिवस मनात तेच होतं.

बरं, कृती होती. मुलगी नायला परदेशात, लियोंला असते, तिच्याकडे आईची सगळी कृती मापासकट होती. सकाळीच तिने फोनवर वाचून दाखवली. दूध इतके लिटर, स्टार्च इतका, साखर इतकी, आणि शेवटी, गॅस बंद केल्यावर, निसरीचं पाणी तीस मिलिलीटर.

"तीस मिलि. झकास!" तिजानी म्हणाला. मापाचं नाव काढलं की त्याला स्फुरण चढायचं. उभा जन्म त्याने दूध संकलन केंद्रावर काढला होता. शेतकऱ्याने दुधात पाणी घातलं तर तो नुसत्या धारेवरून ओळखायचा, आणि मापावर फेस ठेवून दूध कमी भरणाऱ्याची तर त्याच्यासमोर बोबडी वळायची. लोक पाठीमागे त्याला सी लित्रा म्हणत, म्हणजे लिटरराव. हे त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"पण बाबा," नायला म्हणाली, "एक सांगू? माझी कधीच आईसारखी होत नाही. सगळं मापून घालते तरी नाही. इथल्या दुधातच काहीतरी खोट आहे."

'नाचता येईना अंगण वाकडं,' तिजानी मनात म्हणाला. वर म्हणाला, "मापाने केलं की होतंच, पोरी. बघ तू आता."

आता तीस मिलि मोजायचे कशाने? घरात दुधाचं लिटरचं माप होतं, नोकरीतून येताना भेट मिळालेलं. त्यात तीस मिलि म्हणजे हौदात वाटीभर पाणी. मग चमच्यांचा खण बाहेर ओढला. पंधरा मिलिचा एक चमचा, हे त्याला तोंडपाठ होतं. पण खणातले चमचे बघून त्याने कपाळाला हात लावला. एकाला एक जुळेना. एक लग्नातला, खोल. एक कुणाच्या तरी वाडग्याबरोबर आलेला, थाळीसारखा पसरट. एकावर विमान कंपनीचं नाव होतं, आणि या घरातलं कुणी चोरी करील असं तिजानीला वाटत नसल्यामुळे तो कुठून आला हे कोडंच होतं.

एवढ्यात मन्नूबिया आत आली. दार वाजवणं तिला माहीत नव्हतं. "काय चाललंय? चमच्यांची जनगणना?"

"माप शोधतोय. पंधरा मिलिचा चमचा पाहिजे."

"हा घे ना!" तिने विमानवाला उचलला.

तिजानीला युक्ती सुचली होती. औषधांच्या डब्यातून त्याने खोकल्याच्या बाटलीचं प्लास्टिकचं टोपण काढलं. त्यावर पाच, दहा, पंधरा अशा रेघा होत्या. पंधरापर्यंत पाणी भरून त्याने विमानातल्या चमच्यात ओतलं. ते ओसंडून त्याच्या विजारीवर सांडलं.

"बघा! हा दहाचाही नाही. विमानवाले भुकेलेच ठेवतात."

"आणि लग्नातला?"

लग्नातल्यात पंधरा मावले, वर थोडी जागा उरली. मन्नूबिया खो खो हसली. "तेव्हा लोक दिलदार होते रे. अरे, आमच्याकडे चमचा म्हणजे हाताचा अंदाज. माझी सासू म्हणायची, डोळ्याने माप, जिभेने तपास आणि नवऱ्याला सांग चार चमचे घातले."

"म्हणूनच तुमच्या घरची दर वर्षी निराळी लागते," तिजानी म्हणाला. मन्नूबियाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरी ती गेली नाही. खुर्ची ओढून बसली, स्वतःच कॉफी ओतून घेतली आणि म्हणाली, "कर बाबा कर, आम्ही बघतो."

सकाळपासून भिजवलेल्या बिया वाटून, गाळून त्याने गॅसवर चढवल्या. मन्नूबिया बसल्या जागेवरून हुकूम सोडत होती: "हलव! थांबू नको! गुठळी झाली की आळीभर हसू!" तिजानी घामाघूम झाला, पण गुठळी होऊ दिली नाही. दोन्ही हातांनी ढवळताना जुन्या दुधाच्या टाक्या आठवल्या आणि त्याला मजा यायला लागली. काळी अस्सीदा वाडग्यांत ओतली. सगळे वाडगे ओळीने मांडले तेव्हा मन्नूबियाचा निळा सगळ्यांत पुढे होता. मग दुधाचं पांढरं क्रीम शिजलं, दाट झालं, गॅस बंद झाला.

तिजानीने बाटली आणली. बूच काढलं. टोपण रेघेपर्यंत दोनदा भरून त्याने क्रीममध्ये ओतलं. बाटलीत पाणी अजून चांगलं दिसत होतं. पुढच्या मूलिदला पुरेल, त्याच्या पुढच्यालाही पुरेल, असा हिशेब मनात झाला आणि त्याला फार बरं वाटलं. क्रीमची बशी त्याने मन्नूबियापुढे धरली.

मन्नूबियाने चाखलं. डोळे मिटून पुन्हा चाखलं. "छान झालंय."

"छान म्हणजे?"

"म्हणजे छान. दुकानातल्यासारखं."

तिजानी हिरमुसला. "शेलबियाचं नाही?"

तिने बशी खाली ठेवली. तिला खोटं बोलता यायचं, पण या गोष्टीत बोलावंसं वाटेना. "तिजानी, शेलबियाचा वाडगा आधी नाकाला कळायचा, मग जिभेला. हे जिभेलाच जेमतेम कळतंय."

त्याने स्वतः चाखून पाहिलं. खरंच होतं. गोड होतं, गुळगुळीत होतं आणि त्यात ती नव्हती. तिजानीला इतकं वाईट वाटलं की तो तिथेच स्टुलावर बसला. माप चुकलं नव्हतं. रेघ चुकली नव्हती. मग चुकलं कुठे?

"क्रीमवर साय धरतेय बघ," मन्नूबिया हळूच म्हणाली. "दुःख नंतर कर. आधी हलव."

तो उठला. क्रीम ढवळलेला डाव त्याने मघाशी काळ्या अस्सीदाच्या पातेल्यात टाकला होता, तो पुन्हा पांढऱ्यात कसा घालणार? खिडकीजवळ खिळ्याला शेलबियाचा ऑलिव्हच्या लाकडाचा चमचा लटकत होता. जुना, काळपट, खोल, मुठीएवढ्या तोंडाचा. तो नेहमी तिथेच लटकलेला असायचा आणि त्याने काय करतात हे तिजानीने उभ्या संसारात विचारलं नव्हतं. त्याने तो काढला, धुतला आणि गरम क्रीममध्ये घातला.

एक फेरा मारला, दुसरा मारला, आणि तिजानी थबकला. पातेल्यातून वास येत होता. सगळ्या पातेल्यातून नव्हे, चमचा जिथे फिरत होता तिथून. त्याने चमचा वर काढला, नाकाशी नेला. गरम झालेल्या लाकडातून निसरी येत होती. वर्षानुवर्षांची मुरलेली निसरी.

"लल्ला मन्नूबिया, हा चमचा कशाचा?"

"हा? निसरीचा. तिच्या आईचा होता. पाणी मोजायला हाच लागायचा तिला. तुला माहीत नाही? काय रे नवरा तू!"

आणि तिजानीला तो दिवस लख्ख आठवला. नायला नुकतीच लियोंला गेली होती, पहिल्याच मूलिदला आईची आठवण काढून फोनवर रडत होती. शेलबिया चुलीपाशी, हात पिठात. फोन त्याच्या हातात. शेलबिया आतून ओरडून सांगत होती, "निसरी दोन चमचे!" आणि त्याने, सी लित्राने, रुबाबात मुलीला सांगितलं होतं, "दोन चमचे म्हणजे तीस मिलि. पंधराचा एक. लिहून घे, मापात असावं सगळं." शेलबियाने आतून आवाज दिला होता, "तिजानी, अरे माणसा, आधी माझा चमचा तरी बघ!" आणि तो म्हणाला होता, "चमचा म्हणजे चमचा! त्यात बघायचं काय?"

शेलबिया हसली होती. तिने वाद घातला नव्हता. तो दूध मोजायला गेला, ती अस्सीदा करत राहिली, आणि तीस मिलि लियोंला जाऊन बसले ते आज परत आले.

"काय झालं?" मन्नूबिया उठून उभी राहिली. "चेहरा का असा झाला?"

तिजानीने टोपण घेतलं, पंधरापर्यंत नळाचं पाणी भरलं आणि लाकडी चमच्यात ओतलं. पाणी तळाशी जाऊन बसलं. दुसरं टोपण ओतलं. अजून जागा होती. तिसरं ओतलं तेव्हा कुठे चमचा काठोकाठ भरला.

"तिप्पट," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला, "तिप्पट! या बाईचा चमचा तीन चमच्यांचा होता! जन्मभर लोकांचं दूध मोजलं मी, आणि माझ्या घरात माझ्याच डोक्यावर हा लटकत होता!"

तो हसायला लागला. मन्नूबियाही हसायला लागली, आधी त्याला बघून, मग सगळं कळल्यावर पोट धरून. हसता हसता तिजानीच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही.

मग त्याची नजर बाटलीवर गेली आणि हसू ओसरलं. अजून साठ मिलि हवे होते. बाटलीत जेमतेम तेवढंच उरलं होतं. ओतलं तर संपलं. तिने उतरवलेला शेवटचा थेंब संपला. पुढच्या मूलिदला काही नाही, आणि मधल्या दिवसांत बूच काढून वास घ्यायलाही काही नाही.

मन्नूबियाला ते कळलं. "माझ्या घरातलं निसरीचं पाणी आणू? सुनेने काढलंय. वाईट नाही," ती म्हणाली. स्वतःच्या सुनेबद्दल तिच्या तोंडून इतका चांगला शब्द आळीने प्रथमच ऐकला असता.

तिजानीने बाटली हातात धरली. खूप वेळ धरली. वाडगे ओळीने वाट बघत बसले होते, गावजेवणाला बसलेल्या माणसांसारखे. शेलबियाने स्वतः काय केलं असतं, असा विचार त्याच्या मनात आला, आणि उत्तर इतकं सोपं होतं की त्याला स्वतःचीच लाज वाटली. तिने बाटली कधी राखून ठेवली होती? दर उन्हाळ्यात आळीत वाटायची, लियोंला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एक पाठवायची.

"ठेवून काय तिचं लोणचं घालू?" तो म्हणाला, आणि लाकडी चमचा रिकामा करून निसरीने भरला. राहिलेलंही उपडं केलं. बाटलीत दोन थेंब चिकटून राहिले, तेही त्याने झटकून पातेल्यात पाडले.

चमच्याने पातेल्यात एक फेरा मारला, आणि मन्नूबिया जागच्या जागी थांबली. चाखायची गरजच पडली नाही. ओढणीने तोंड झाकून ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "माझा निळा काठोकाठ भर. आणि झाकण घट्ट लाव, नाहीतर घरी पोचेपर्यंत आळी लुटून नेईल."

नक्षी तिजानीला जमली नाही. पिस्ते एकीकडे, बदाम दुसरीकडे, चंदेरी साखरगोळ्या वाट फुटेल तिकडे. शेवटी मन्नूबियाने त्याला बाजूला सारलं आणि दोघांनी मिळून वाडगे सजवले. दुपार कलताना तो स्वतः तबक घेऊन निघाला. पुरुषाने वाडगे पोचवायचे हे नवीनच होतं, पण त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही. म्हणजे पहिल्या घरापर्यंत तरी. पहिल्या घरातल्या बाईने झाकण उचललं, मागे वळून आत ओरडली, "अरे या सगळे! शेलबियाची आली!" आणि मग आळीची जीभ सुटली. "सी लित्रा, आता दुधाचं सोडा, अस्सीदाचं दुकान टाका!" "दुसरं लग्न करू नका हो, आमचं नुकसान होईल!" तिजानी प्रत्येक दारात हसत होता. रिकामं तबक घेऊन परत आला तेव्हा कपाटाचा वरचा भाग मोकळा झाला होता. वर्षभरात प्रथमच ते घर त्याला स्वतःचं वाटलं.

मग त्याने नायलाला फोन लावला.

"बाबा, झाली?"

"झाली. आधी माझं ऐक. लियोंच्या दुधाची माफी माग."

"काय?"

"खोट दुधात नव्हती, पोरी. खोट तुझ्या बापात होती." आणि त्याने सगळं सांगितलं, चमच्यापासून टोपणापर्यंत, काही लपवलं नाही. पलीकडे नायलाला हसू आवरेना. "चमचा म्हणजे चमचा! बाबा, आठवतंय मला! आई आतून ओरडत होती!"

"आता दुरुस्त कर. तीस खोडून टाक."

"काय लिहू? नव्वद मिलि?"

तिजानीने हातातल्या चमच्याकडे बघितलं. "नव्वद नको लिहू. दोन चमचे लिही. आईचे. आणि खाली लिही, आईचा एक म्हणजे पंधराचे तीन."

"आणि पंधराचा चमचा?"

"तो खोकल्याला ठेव." मग त्याचा आवाज उतरला. "फक्त पाणी संपलं गं. आज सगळं ओतलं. तिच्या हातचं आता काही उरलं नाही."

पलीकडून पावलांचा आवाज आला, कपाटाचं दार करकरलं, आणि मग काचेवर काच वाजल्याचा किणकिणाट ऐकू आला.

"नायला? काय करतेस?"

"बाबा," ती म्हणाली, आणि हसतेय की रडतेय ते कळेना. "आई दर वर्षी बाटली पाठवायची ना? मी तीसच मिलि घालत होते. तुमच्या मापाने. बाबा, माझ्या कपाटाचा खालचा अख्खा कप्पा भरलेला आहे."